पायटेस्ट: सिमलिंक आणि जंक्शनच्या टेस्टसाठी दोन वर्षं वापरल्यानंतर

सुरुवातीलाच सांगतो, पायटेस्ट म्हणजे पायथनमधल्या कोडच्या टेस्ट चालवणारं साधन, आणि हा त्याच्या सगळ्या फीचरचा रिव्ह्यू नाहीये. मी फक्त एका कामासाठी ते कसं निघालं ते लिहितोय आणि ते काम म्हणजे फोल्डरच्या लिंका. सिमलिंक, विंडोजची जंक्शन, म्हणजे जे दिसायला फोल्डर असतात पण आत पाय टाकला की भलत्याच ड्राइव्हवर नेऊन सोडतात, त्यांच्याशी आपला प्रोग्रॅम नीट वागतो का हे प्रत्येक बदलानंतर आपोआप तपासून घ्यायचं. दोन वर्षं झाली, मी विंडोज आणि लिनक्सवर वापरतो, सोबत काम करणारा एकजण मॅकवर.

हे काम अंगावर कसं आलं ते आधी सांगायला हवं. आम्ही फोटो स्टुडिओंसाठी एक छोटं सॉफ्टवेअर बनवतो. लग्नाच्या सीझनला एकेका स्टुडिओत टेराबाइटने फोटो साठतात, मग आमचा प्रोग्रॅम जुने प्रीव्ह्यू, एक्सपोर्ट करताना राहिलेल्या अर्धवट फाइली, असं तात्पुरत्या फोल्डरमधलं ३० दिवसांपेक्षा जुनं सगळं साफ करतो. एका स्टुडिओत डी ड्राइव्ह भरला म्हणून तिथल्या कॉम्प्युटरवाल्याने आतला एक मोठा फोल्डर ई ड्राइव्हवर हलवला आणि जुन्या जागी जंक्शन ठेवलं. त्याने काहीच चुकीचं केलं नाही, असं केलं की जुने सगळे पाथ चालू राहतात, जंक्शन असतं त्यासाठीच. पण ते जंक्शन आमच्या तात्पुरत्या फोल्डरच्या पोटात होतं आणि ई ड्राइव्हवरच्या त्या फोल्डरमध्ये दोन लग्नांच्या मूळ रॉ फाइली होत्या. रात्री साफसफाई चालली, प्रोग्रॅम जंक्शनमधून पलीकडे गेला आणि ३० दिवसांपेक्षा जुनं जे दिसलं ते सगळं उडवलं. सकाळी स्टुडिओवाल्या दादांचा फोन, "अहो, फोल्डर दिसतोय, पण उघडला की आत काहीच नाही." एका लग्नाचे फोटो त्यांच्या भावाकडच्या हार्डडिस्कवर सापडले, दुसऱ्याचे रिकव्हरी करून निम्मेच मिळाले. चूक पूर्णपणे आमच्या कोडची होती, आणि त्या दुसऱ्या घरच्या लोकांना दादांना काय सांगावं लागलं असेल ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

आता कोडमध्ये चुकलं काय होतं. आम्ही पायथन ३.९ वर ओएस डॉट वॉक, म्हणजे फोल्डरच्या आतलं सगळं एकेक करून चाळणारं फंक्शन, वापरत होतो, त्यात लिंका फॉलो करू नको हे डिफॉल्टच असतं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण वॉक आतून विचारतो की "ही सिमलिंक आहे का", आणि जंक्शन ही विंडोजच्या हिशेबाने सिमलिंक नाहीच, त्यामुळे उत्तर येतं "नाही", मग तो साधा फोल्डर समजून आत शिरतो. दोन्ही गोष्टी एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या फाइलसिस्टिममध्ये, रीपार्स पॉइंट नावाची खास खूण म्हणूनच साठवलेल्या असतात, पण दोघांचा टॅग वेगळा. जंक्शन विंडोज २००० पासून आहे, सिमलिंक व्हिस्टापासून आली. जंक्शन फक्त फोल्डरलाच करता येतं, त्याच मशीनवरच्या ड्राइव्हकडेच दाखवता येतं, आणि महत्त्वाचं म्हणजे ते करायला अ‍ॅडमिन लागत नाही. सिमलिंक करायची तर अ‍ॅडमिन हवा, नाहीतर डेव्हलपर मोड चालू हवा, तोही विंडोज १० च्या २०१७ च्या क्रिएटर्स अपडेटपासूनच यासाठी चालतो. त्यामुळे स्टुडिओत, दुकानात, सीएच्या ऑफिसात, जिथे जिथे कुणीतरी डिस्क भरली म्हणून फोल्डर हलवलेला असतो तिथे बहुतेक वेळा जंक्शनच सापडतं, आणि आपण डेव्हलपर लोक मात्र लिनक्सच्या सवयीने सिमलिंकचीच काळजी घेत बसतो.

त्या आठवड्यात मी ठरवलं की नुसतं कोड दुरुस्त करून चालणार नाही, हे परत कधी झालं तर आधी आपल्याला कळलं पाहिजे. आमच्याकडे तोपर्यंत पायथनसोबतच येणाऱ्या युनिटटेस्टमध्ये थोड्याफार टेस्ट होत्या आणि त्यात फाइलसिस्टिम पूर्ण मॉक केलेली, म्हणजे खोटी. खोट्या फाइलसिस्टिमला जंक्शन काय असतं ते माहीतच नव्हतं, कारण ती ज्याने लिहिली, म्हणजे मी, त्याला माहीत नव्हतं. तिथेच मला पटलं की लिंकच्या टेस्ट खऱ्या डिस्कवर, खऱ्या लिंका करूनच चालवायच्या. आणि मग असं काही हवं होतं जे प्रत्येक टेस्टला कोरा स्वतंत्र फोल्डर देईल, टेस्ट फसली तरी मागे राहिलेला पसारा मला उघडून बघता येईल, आणि नंतर तो पसारा आपोआप जाईल. पायटेस्ट घेतलं ते याच्यासाठी. फुकट आहे, एमआयटी लायसन्स, पिपने एका कमांडमध्ये बसतं, आणि जुन्या युनिटटेस्टच्या टेस्ट आहेत तशा चालवतं, त्यामुळे सगळं एकदम बदलायची गरज पडली नाही.

यातली ज्या गोष्टीसाठी मी पैसेसुद्धा दिले असते ती म्हणजे टीएमपी_पाथ नावाचं फिक्स्चर, म्हणजे टेस्टला लागणारी तयारी आधीच करून देणारी सोय. टेस्टच्या फंक्शनला हे नाव आर्ग्युमेंट म्हणून दिलं की बास, त्या टेस्टपुरता एक नवा रिकामा फोल्डर हातात येतो, पाथलिबचा पाथ म्हणून. २०१८ च्या ३.९ व्हर्जनपासून आहे, त्याआधी टीएमपीडीर होतं ते जुन्या पद्धतीचं पाथ द्यायचं. हे फोल्डर सिस्टिमच्या टेम्पमध्ये, आपल्या युझरच्या नावाने, रनच्या नंबरप्रमाणे बनतात आणि डिफॉल्टने शेवटच्या ३ रनचे ठेवले जातात. हे ३ मला खूप उपयोगी पडलं, काल रात्री फसलेली टेस्ट आज सकाळी चहा घेताना उघडून बघता येते, कुठली फाइल गेली, कुठली राहिली, लिंक तिथेच आहे की तिच्या जागी खरा फोल्डर तयार झालाय, सगळं डोळ्याने दिसतं. ७.३ पासून किती रन ठेवायचे आणि फक्त फसलेल्यांचेच ठेवायचे का हेही सेट करता येतं, आम्ही सीआयवर, म्हणजे प्रत्येक बदलानंतर आपोआप टेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरवर, फक्त फसलेले ठेवतो.

दुसरी एक बारीक गोष्ट आहे जी मॅकवाल्यांनी नक्की वाचावी. मॅकवर व्हार फोल्डर हीच मुळात एक सिमलिंक आहे, खरा फोल्डर प्रायव्हेटच्या आत, टीएमपीचंही तसंच. आमच्या जुन्या टेस्ट पायथनच्या टेम्पफाइलमधून फोल्डर घ्यायच्या, तो पाथ यायचा व्हारपासून सुरू होणारा, आमचा प्रोग्रॅम तो रिझॉल्व्ह करून, म्हणजे लिंका उलगडून खरा पाथ काढून, सांगायचा प्रायव्हेट-व्हारपासून सुरू होणारा, आणि दोन्ही एकच असून टेस्ट लाल, म्हणजे फेल. सोबतच्या मुलाने दोन दिवस त्यात घालवले. पायटेस्ट मात्र आपला टेम्प फोल्डर आधीच रिझॉल्व्ह करून देतं, म्हणजे टीएमपी_पाथमध्ये हातात येतो तो खरा पाथ, त्यामुळे ही डोकेदुखी तिथेच संपली. विंडोजवर असाच घोळ टेम्पच्या पाथमध्ये जुन्या पद्धतीचं, मध्ये टिल्डं असलेलं आखूड नाव आलं की होतो.

आता आमची मुख्य टेस्ट कशी आहे ते सांगतो कारण कुणाला तशीच्या तशी उचलायची असेल तर उचला. टीएमपी_पाथच्या आत दोन फोल्डर करायचे, एक "आत", एक "बाहेर". बाहेरमध्ये एक छोटी फाइल ठेवायची, आम्ही तिला राखणदार म्हणतो, आणि तिची तारीख मुद्दाम जुनी करायची म्हणजे साफसफाईच्या नियमात ती बसली पाहिजे. मग आतमध्ये एक लिंक करायची जी बाहेरकडे जाते. आता आपला साफसफाईचा कोड फक्त "आत"वर चालवायचा. शेवटी दोन गोष्टी बघायच्या, राखणदार जिवंत आहे ना, आणि त्यातला मजकूर तोच आहे ना. मजकूर यासाठी बघायचा की एकदा आमच्या कोडने फाइल डिलीट केली नव्हती पण शून्य बाइटची केली होती आणि नुसतं "आहे का" विचारणारी टेस्ट खुशाल पास झाली. "बाहेर" हाही टीएमपी_पाथच्याच पोटात ठेवायचा, कधीही टेस्टमधली लिंक डेस्कटॉपकडे किंवा होमकडे नेऊ नका, कारण टेस्ट असते ती चुकलेल्या कोडसाठी, आणि चुकलेला कोड लिंकच्या पलीकडचं खरोखर उडवणार.

हीच टेस्ट पॅरामेट्राइझने चार-पाच रूपांत चालते, इथे पायटेस्टची खरी मजा आहे, एकदा लिहायची आणि लिंकचा प्रकार बदलत जायचा. सिमलिंक फोल्डरला, सिमलिंक फाइलला, जंक्शन, तुटलेली लिंक जिचं टोकच उरलेलं नाही, आणि स्वतःच्याच आईबापाकडे परत जाणारी लिंक. ही शेवटची कुणाला काल्पनिक वाटेल पण विंडोज स्वतःच अशी एक ठेवतं, युझरच्या अ‍ॅपडेटामधल्या लोकल फोल्डरात "अ‍ॅप्लिकेशन डेटा" नावाचं लपलेलं जंक्शन असतं ते परत लोकलकडेच जातं, जुन्या एक्सपीच्या काळातल्या प्रोग्रॅमसाठी ठेवलेलं. जो कोड जंक्शन ओळखत नाही आणि परवानगी मिळवून बसलाय तो तिथे गोल गोल फिरत राहतो. अशा टेस्टसाठी पायटेस्ट-टाइमआउट नावाचं वेगळं प्लगइन लागतं, नाहीतर टेस्ट अडकते आणि सीआयचे मिनिटं जळत राहतात. हे मूळ पायटेस्टमध्येच असतं तर बरं झालं असतं असं मला वाटतं.

जंक्शन बनवायचं कसं हा मात्र प्रश्नच आहे. सिमलिंकला पायथनमध्ये सरळ फंक्शन आहे, जंक्शनला अधिकृत फंक्शन नाही. अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या विनएपीआय मॉड्यूलमध्ये क्रिएटजंक्शन आहे, पायथनच्या स्वतःच्या टेस्ट तेच वापरतात, पण ते खासगी आहे, उद्या बदललं तर तक्रार करता येणार नाही. आम्ही म्हणून सबप्रोसेसने सीएमडीची एमकेलिंक कमांड स्लॅश जे लावून चालवतो, थोडं हळू आहे पण विसंबता येतं. ओळखण्याच्या बाजूने गोष्टी सुधारल्यात, पायथन ३.१२ पासून पाथवर इज_जंक्शन आलंय, त्याआधी ३.८ पासून एलस्टॅट, म्हणजे लिंकच्या पलीकडे न जाता तिचीच माहिती देणाऱ्या फंक्शनमधून, रीपार्स टॅग काढून बघता येत होतं. लक्षात ठेवा की एखादा अख्खा ड्राइव्ह फोल्डरमध्ये माउंट केलेला असेल तर त्याचाही टॅग तोच असतो त्यामुळे इज_जंक्शन त्यालाही हो म्हणतं, आमच्या कामात ते चांगलंच आहे, आम्हाला दोन्हीत शिरायचं नाही. आणि फोल्डर आतल्यासकट उडवणारं पायथनच्या शटिलचं आरएमट्री फंक्शन ३.८ च्या आधी विंडोजवर जंक्शनच्या आतलं सगळं डिलीट करून मग जंक्शन काढायचं, ३.८ पासून ते थांबलंय. अजून कुठे ३.७ वर काही चालू असेल तर आज रात्रीच बघा.

आता तक्रार, आणि ही मोठी आहे. स्किप.

डेव्हलपर मोड बंद असलेल्या विंडोजवर सिमलिंक करायला गेलं की एरर १३१४ येते, परवानगी नाही. सगळे करतात तसं आम्हीही केलं, एरर आली तर टेस्ट स्किप. स्किप झालेली टेस्ट पायटेस्ट पिवळ्यात दाखवतं, पण बाकीच्या पास असतील तर एकूण ओळ हिरवी, एक्झिट कोड शून्य, म्हणजे सगळं ठीक, सीआयला हिरवी खूण. सगळ्याच्या सगळ्या टेस्ट स्किप झाल्या तरी एक्झिट कोड शून्यच. का स्किप झालं ते आपण होऊन सांगतही नाही, त्यासाठी मायनस आर एस द्यावं लागतं. आमच्या एका लॅपटॉपवर चार महिने ९ टेस्ट स्किप होत होत्या आणि त्या ९ म्हणजे नेमक्या लिंकच्या. तो मुलगा रोज हिरवं बघून कोड पुढे ढकलत होता, त्याची काही चूक नाही, मीच त्याला सांगितलं होतं की हिरवं दिसलं की पाठव.

पायटेस्टची बाजू घ्यायची तर स्किप म्हणजे स्किपच, ते खोटं बोलत नाही. पण जी टेस्ट एखाद्या माणसाच्या लग्नाचे फोटो वाचवण्यासाठी आहे ती चालली नाही तर मला ते लाल दिसायला हवं, आणि तशी एक साधी सेटिंग असावी असं मनापासून वाटतं. आम्ही ते कॉन्फटेस्ट नावाच्या, सगळ्या टेस्टना सामाईक असलेल्या फाइलमध्ये स्वतःच केलं. लिंक बनवणारं एक फिक्स्चर आहे, लिंक बनली नाही तर ते एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बघतं, ते लावलेलं असेल तर फेल, नसेल तर स्किप. सीआयवर ते कायम लावलेलं. घरच्या लॅपटॉपवर कुणाला घाई असेल तर स्किप होऊ दे, पण मुख्य ब्रँचमध्ये जायच्या आधी एकदा तरी सगळ्या लिंकच्या टेस्ट खरोखर चालल्याच पाहिजेत. दहा-बारा ओळींचं काम आहे, फिक्स्चरची रचना चांगली आहे म्हणून ते दहा ओळींत झालं हेही खरं.

सीआयचं उलटं होतं. गिटहबच्या होस्टेड विंडोज रनरवर, म्हणजे टेस्ट चालवायला त्यांनीच दिलेल्या मशीनवर, युझर अ‍ॅडमिन असतो आणि यूएसी, म्हणजे विंडोजचं मध्येच परवानगी विचारणं, बंद असतं, हे त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे तिथे सिमलिंक बिनतक्रार बनते. टेस्ट पूर्ण चालवायला हे उत्तम आहे. फक्त हे विसरायचं नाही की तुमच्या गिऱ्हाइकाच्या मशीनवर युझर साधा असतो, तिथे तुमचा प्रोग्रॅम स्वतः सिमलिंक करायला जात असेल तर सीआयवर हिरवं आणि स्टुडिओत एरर. आमचं एक फीचर तसंच होतं, आम्ही ते नंतर जंक्शनवर नेलं. पीएनपीएम नावाचं जावास्क्रिप्टचं पॅकेज मॅनेजर आहे तेही विंडोजवर सिमलिंकच्या ऐवजी जंक्शनच वापरतं, तेव्हा हा मार्ग वापरलेला आहे, आम्हीच काढलाय असं नाही.

अजून एक, टेस्टसाठीच्या लिंका गिटमध्ये कमिट करून ठेवू नका. आम्ही केल्या होत्या. विंडोजवर गिटची कोअर-सिमलिंक्स सेटिंग बंद असली की चेकआउट केल्यावर लिंकच्या जागी एक छोटी टेक्स्ट फाइल येते जिच्यात फक्त टोकाचा पाथ लिहिलेला असतो. टेस्ट चालते, फाइल डिलीट होते, "बाहेर"चं काहीच जात नाही, टेस्ट पास, आणि तपासलं काहीच गेलेलं नाही. लिंक नेहमी टेस्टच्या आत, त्याच क्षणी बनवायची, आणि बनवल्यावर ती खरंच लिंक आहे का हे एका ओळीत असर्ट करायचं.

तसंच प्रत्येक लिंकची टेस्ट एकदा तरी लाल होताना बघा. आम्ही कोडमधली जंक्शन तपासणारी ओळ मुद्दाम काढतो, टेस्ट चालवतो, राखणदार मेला पाहिजे, मग ओळ परत घालतो. पहिल्यांदा हे केलं तेव्हा सातपैकी दोन टेस्ट ओळ काढूनही हिरव्याच होत्या. एकीत राखणदाराची तारीख जुनी करायची राहिली होती म्हणून तो तसाही वाचणारच होता. दुसरीत पाथ तपासायची चूक होती, ती सांगण्यासारखी आहे. फाइल आपल्याच फोल्डरच्या आत आहे का हे आम्ही पाथच्या अक्षरांची सुरुवात जुळवून बघत होतो, त्यामुळे "फोटो" नावाच्या फोल्डरच्या आत "फोटो-जुने" पण आहे असं कोड समजायचा. पाथ आधी रिझॉल्व्ह करून मग इज_रिलेटिव्ह_टू ने विचारायचं, ते ३.९ पासून आहे.

एक धोक्याची सूचना, बेसटेम्प नावाचा पर्याय. टेम्पऐवजी आपल्या पसंतीचा फोल्डर द्यायचा असेल तर तो वापरतात, आणि पायटेस्ट प्रत्येक रनच्या आधी तो फोल्डर न विचारता पूर्ण रिकामा करतं. डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलेलं आहे, लपवलेलं नाही, पण ज्याला डी ड्राइव्हवर जागा जास्त आहे म्हणून डी ड्राइव्हवरचा कामाचा फोल्डर द्यायची हौस येईल त्याने आधी ते वाक्य दोनदा वाचावं. फक्त त्यासाठीच बनवलेला वेगळा रिकामा फोल्डर द्या.

अर्काइव्हच्या टेस्टसाठीही आम्हाला पायटेस्ट बरं पडलं. काही स्टुडिओ आम्हाला टार फाइली, म्हणजे अनेक फाइली एकत्र बांधलेले अर्काइव्ह, पाठवतात. टारमध्ये आधी एक सिमलिंक ठेवायची जी बाहेर जाते आणि मग त्या लिंकच्या नावाखाली एक फाइल, असं केलं की उघडताना फाइल भलतीकडेच लिहिली जाते, ही युक्ती जुनी आहे. पायथनच्या टारफाइलमधून पाथ बाहेर जाण्याच्या दोषाला सुरक्षेच्या दोषांच्या जाहीर यादीत सीव्हीई-२००७-४५५९ हा नंबर मिळालेला आहे, म्हणजे २००७ चा, आणि नीट उपाय म्हणून फिल्टर आले ते ३.१२ मध्ये, डिफॉल्टने "डेटा" फिल्टर लागू झालं ते ३.१४ मध्ये. आमच्या टेस्टमध्ये आम्ही अशी वाईट टार तिथल्या तिथे टीएमपी_पाथमध्ये बनवतो आणि पायटेस्टच्या रेझेसने बघतो की योग्य ती एरर आली का, आणि एरर आल्यावरही राखणदार शाबूत आहे का. हे दुसरं बघणं विसरू नका, एरर यायच्या आधीच नुकसान झालेलं असू शकतं.

जे पायटेस्टने होत नाही तेही सांगतो. आपण तपासलं तेव्हा साधा फोल्डर होता आणि डिलीट करायच्या क्षणी कुणीतरी त्या जागी लिंक ठेवली, ही वेळेची फट टेस्टने भरवशाने पकडता येत नाही. दोन थ्रेड लावून हजार वेळा चालवून बघितलं, कधी सापडते कधी नाही, आणि अशी कधीमधी लाल होणारी टेस्ट लोक दुर्लक्षायला लागतात म्हणून मी ती काढून टाकली. ही फट मोठ्या मोठ्यांना नडली आहे, रस्ट भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत फोल्डर आतल्यासकट उडवणाऱ्या फंक्शनमध्ये नेमकं हेच निघालं आणि जानेवारी २०२२ मध्ये १.५८.१ काढून दुरुस्त केलं. यावर उपाय टेस्टमध्ये नाही, कोड वेगळ्या पद्धतीने लिहिण्यात आहे, म्हणजे पाथच्या अक्षरांवर विसंबण्याऐवजी उघडलेल्या फोल्डरचं हँडल धरून त्याच्या सापेक्ष काम करायचं. लिनक्सवर आरएमट्री तसं करतं, आपल्या मशीनवर करतं का हे त्याच्या अव्हॉइड्स_सिमलिंक_अटॅक्स या अ‍ॅट्रिब्यूटवरून कळतं, विंडोजवर ते फॉल्स येतं. गो भाषेत फेब्रुवारी २०२५ च्या १.२४ पासून ओएस डॉट रूट आलंय, एक फोल्डर दिला की त्याच्या बाहेर जाणारी लिंक ते उघडूच देत नाही. असं काही पायथनमध्ये आलं तर आमच्या अर्ध्या टेस्ट मी आनंदाने पुसून टाकेन.

वेगाबद्दल थोडं, लिंकच्या आमच्या ४२ टेस्ट लिनक्सवर डोळा मिटेपर्यंत होतात, विंडोजवर प्रत्येक जंक्शनला सीएमडी उघडावं लागतं म्हणून वेळ लागतो, पण सहन होण्याइतका. एक्सडिस्ट प्लगइनने समांतर चालवल्या तरी टीएमपी_पाथ वेगवेगळे असल्याने एकमेकींच्या पायात आल्या नाहीत. एरर दाखवायची पद्धत तर सुंदरच आहे, साधं असर्ट लिहायचं आणि फसलं की डावीकडे काय उजवीकडे काय ते उलगडून दाखवतं, दोन लांब पाथमध्ये नेमका कुठे फरक आहे ते शोधत बसावं लागत नाही.

५ पैकी ४. एक गुण स्किपसाठी कापला, टाइमआउटचा अर्धा धरत नाही. ज्यांचा प्रोग्रॅम फाइली डिलीट करतो, हलवतो, बॅकअप घेतो किंवा अर्काइव्ह उघडतो त्यांनी घ्यावंच, आणि बसवल्यावर पहिली टेस्ट राखणदाराची लिहावी, तीही जंक्शनवर, विंडोज मशीन हाताशी नसेल तर होस्टेड रनरवर. त्या स्टुडिओतलं जंक्शन अजून तिथेच आहे, दादांनी काढायचं का विचारलं होतं, मी म्हटलं राहू द्या. दर नवीन व्हर्जन त्यांच्याकडे टाकायच्या आधी त्यांच्या फोल्डरच्या रचनेची हुबेहूब नक्कल टीएमपी_पाथमध्ये उभी राहते, डी आणि ई च्या जागी दोन फोल्डर, मधे जंक्शन, पलीकडे राखणदार, आणि ती टेस्ट चालल्याशिवाय मी इन्स्टॉलर बनवत नाही.